बसस्टॉपवरचा बाबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही — आणि नितीनला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही.

२००२ साली, अमेरिकेत मॉरिसव्हिलला, माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. तेव्हा रोज कुणाची ना कुणाची जातच होती. ग्रीन कार्ड होतं म्हणून त्याला बेकारभत्ता मिळायचा, मी बँकेत होते — चाललं होतं की घर! दुपारी तो रेवाला स्कूलबसवरून आणायचा. हाफ पॅन्ट, पायात सपाता, हातात सोललेलं संत्रं. बसमधून उतरून पोरगी जी धावत सुटायची ना... माझ्याकडे ती तशी कधी धावली नाही.

आणि मला काय दिसायचं? आयांच्या घोळक्यात उभा असलेला माझा इंजिनिअर नवरा. एकदा महाराष्ट्र मंडळात एका काकूंनी विचारलं, "अगं, नितीन घरीच का अजून?" बस, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. पार्टटाइम तर पार्टटाइम, पण बाहेर पड! त्याने बिचाऱ्याने मला बसवून समजावलं — दुकानात जे मिळेल ते जवळजवळ सगळं भत्त्यातून कापलं जाणार, वर गाडीचं पेट्रोल, वर शाळा सुटल्यावर रेवाला सांभाळायची, त्या आफ्टर-स्कूलची फी. म्हणजे काम करून आपण आणखी खड्ड्यात. मी म्हटलं, "मला नाही कळत तुझा हिशेब."

तो गेला. हार्डवेअरच्या दुकानात, रंगाचे डबे रचायला. महिनाअखेरीला हातात खरंच कमी उरलं, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डबे रचायला गेला. रेवा आफ्टर-स्कूलच्या हॉलमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसायची. मी घ्यायला गेले की माझ्या मागे बघायची — बाबा आलाय का म्हणून.

पुढे त्याला चांगली नोकरी लागली. आता चार लोकांत मला चिडवतो, "बँकेत लोकांचे पैसे मोजते, घरचा हिशेब म्हटलं की हिचा आनंदच आहे!" सगळे हसतात, मीही हसते. टॅक्सच्या दिवसांत मला शेजारी बसवून एकेक गोष्ट सावकाश समजावतो, अजिबात न कंटाळता. किती जीव आहे माझा या माणसावर!

त्या दिवशी तो भत्त्याचा हिशेब मला सगळा कळला होता. त्याचं बोलणं संपायच्या आधीच.