तळ्याकाठचा काचेचा विहार

माणिकराव मूळचे औरादकडच्या चिंताकी गावचे. त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते शाळेत होते. शिकून ते गुलबर्ग्याला सरकारी बांधकाम कचेरीत नकाशे काढायला लागले. हात सुरेख होता, पण काढायचं काय, तर गोदामं, नाल्यांवरचे पूल, तेही साहेबांनी आखून दिलेले.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शहरातल्या बौद्ध वस्तीला तळ्याच्या काठावर विहारासाठी जागा मिळाली आणि नकाशा माणिकरावांकडे आला. कचेरीतल्या एका मासिकात त्यांनी परदेशातल्या बंदरावरचं काचेचं चर्च पाहिलं होतं. उंच, सगळीकडून आरपार. पाण्यावरच्या बोटीतूनही आतली माणसं दिसत. ते चित्र त्यांच्या डोक्यातून जाईना. समितीतल्या म्हाताऱ्यांना शहाबादी दगडाचा भक्कम विहार हवा होता. माणिकरावांनी त्यांना समजावलं, की आजवर आपण दुसऱ्यांच्या भिंतींबाहेर उभे राहिलो, आता आपली प्रार्थना साऱ्या शहरानं बघावी. म्हातारे कबूल झाले.

कचेरीतले इंजिनिअर सोमशेखर यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. पश्चिमेला काच नको, दगड घ्या, आणि वर गरम हवेला वाट ठेवा, वैशाखात आत बसवणार नाही, असं त्यांनी सांगितलं. माणिकरावांनी हो म्हणून मान हलवली. पण पश्चिमेलाच तळ्याचा बांध होता आणि संध्याकाळी सारं शहर तिथूनच फिरायचं. पश्चिमेची काच तशीच राहिली. वरचे झरोके त्यांनी आधी नकाशात काढले होते. त्यानं काचेची सरळ रेघ तुटते म्हणून तेही खोडून टाकले.

विहार उभा राहिला तेव्हा लोक बांधावर थांबून बघायचे. उद्घाटनासाठी चिंताकीहून आई, अनसाबाई, आली. काचेला हात लावत ती भोवती फिरली. इथं पडदा लावणार का, असं तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तोंडाला पदर लावून हसली.

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला उद्घाटन झालं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी आटलेल्या तळ्यातून धुळीचा वारा सुटला, म्हणून दारं लावून घेतली. भाषणं चालूच राहिली. पश्चिमेच्या काचेला लागून बायका बसल्या होत्या आणि बांधणाऱ्याची आई म्हणून अनसाबाईला सगळ्यांत पुढं बसवलं होतं. उन्हं उतरायला लागली तशी ती काच तापत गेली. अनसाबाई एकाएकी कलंडली. माणिकराव तेव्हा मंचावर हार घेत होते. बायकांत जागेवरून गलका झाला असावा, असंच त्यांना वाटलं. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

त्यांना कुणी बोल लावला नाही. दहनानंतर आईच्या शेजारी बसलेली शोभाबाई घरी आली. माणिकरावांना बरं वाटेल म्हणून तिनं सांगितलं, "तिला घेरी यायलती. मी म्हटलं, अक्का, भाईर चल. तर म्हणली, माझ्या लेकानं बांधलंय, मीच कशी उठू?"

माणिकराव उठून आत गेले.

सोमशेखर भेटायला आले. त्यांनी काचेचा विषय काढला नाही. तो माणिकरावांनीच काढला.

"साहेब, तुम्ही सांगितलं होतं."

"मी आणखी जोर लावायला पाहिजे होता."

"तरी ऐकलं नसतं. मला वाटलं, आमची माणसं रस्त्यावरून दिसलेली तुम्हा वरच्या जातीच्या लोकांना चालायला न्हाई."

सोमशेखर चहा तसाच ठेवून गेले.

पश्चिमेच्या नव्या दगडी भिंतीचा नकाशा माणिकरावांनीच काढला. वस्तीतल्या पोरांनी विरोध केला: काच राहू द्या, पडदे लावू, पण तोंड बुजवू नका. माणिकरावांनी कुणाचं ऐकलं नाही. पावसाळ्याआधी काचा उतरल्या, दगड चढला, वर झरोके आले. आता वैशाखातही आत बसता येतं. अंधारतं मात्र फार, दिवसाही दिवे लावावे लागतात.

त्यानंतर माणिकरावांनी स्वतःच्या मनातलं काहीच काढलं नाही. बुद्धपौर्णिमेला ते पत्नी रेणुकाबाईंना विहाराच्या दारापर्यंत सोडत आणि कार्यक्रम संपेपर्यंत बांधावरच्या कडुलिंबाखाली बसून राहत. आत चला, असं पहिली काही वर्षं त्या म्हणाल्या. पुढं त्यांनीही म्हणणं सोडलं.