पावरअण्णा

पेट्रोल चाखून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझा सख्खा चुलता होता. कुणाचीही मोटरसायकल अंगणात लागली की अण्णा तिच्या टाकीत हातभर रबरी नळी सोडायचे, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचे, आलेला घोट क्षणभर जिभेवर घोळवायचे आणि पचकन थुंकायचे. मग मनगटानं मिशी पुसून निकाल द्यायचे, "साधं हाय." किंवा, "पावर हाय, पर शिळं." मला ते बघून लहानपणापासून शिसारी यायची. आत्ता लिहितानाही तोंडाला पाणी सुटलंय, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

पंपावरच्या महागातल्या पेट्रोलला आमच्या अणदुरात सगळे सरसकट 'पावर' म्हणतात, म्हणून गावानं त्यांचं नाव पावरअण्णा ठेवलं. अण्णांना त्या नावाचा अभिमान होता. त्यांच्याकडं शंभर सीसीची जुनीपुराणी मोटरसायकल होती. चढाला लागली की ती दम्याच्या माणसासारखी धापा टाकायची. तिच्यात त्यांनी जन्मभर पावरशिवाय दुसरा थेंब पडू दिला नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "घरात तूप असताना लेकराला डालडा घालतेत व्हय?" लेकरू, तूप आणि डालडा. पेट्रोलबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान एवढ्यातच संपत होतं.

चाखण्यापर्यंत थांबले असते तरी मी सहन केलं असतं. तेच हात ते धोतराला पुसायचे आणि तसेच जेवायला बसायचे. आम्हा पोरांवर त्यांचा फार जीव, म्हणून ताटातली भाकरी स्वतः कुस्करून, वर दूध ओतून आमच्यापुढं सरकवायचे. त्या दूधभाकरीला पेट्रोलचा वास यायचा. त्यांची मुलगी संगी माझ्याहून वर्षानं मोठी. ती बापाकडं बघत निमूट खायची. मी घास गालात धरून बाहेर पळायचे. तोंड आलं, पाय खरचटला, गजकर्ण झालं, सगळ्यावर त्यांचं एकच औषध होतं आणि ते टाकीत असायचं. काकीनं त्यांचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला होता आणि तो घासताना ती नाकाला पदर लावायची.

पंपावर तर त्यांच्याबरोबर उभं राहायची लाज वाटायची. हायवेवरच्या पंपावर ते आले की तिथली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. अण्णा स्वतःच्या गाडीपुरतं बघून गप्प बसणारे नव्हते. पुढचं गिऱ्हाईक साधं भरत असलं की त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "काय टाकायलाव हे? इंजिन तुमचं हाय का सासऱ्याचं?" माणूस अनोळखी आहे, बरोबर त्याची बायको आहे, काही बघायचे नाहीत. वर आणि पंपाच्या नळीतला शेवटचा थेंब उतरेपर्यंत ती हलवत बसायचे, मागं रांग लागली तरी.

बारावीनंतर मला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करायचा होता. घरात सगळे हसले. पोरीची जात, हात काळे करणार का, वगैरे. एकटे अण्णा माझ्या बाजूनं उभे राहिले. त्याच धापा टाकणाऱ्या गाडीवर बसवून त्यांनी मला धाराशिवला नेलं, प्रवेश घेईपर्यंत कॉलेजच्या आवारात उन्हात ताटकळले. घरी आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "शिकू द्या पोरीला इंजिन. मग ती बी सांगंल, पावरच टाका म्हणून." म्हणजे एवढ्यासाठी ते होतं! तरीही मी आज सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करते ती त्यांच्यामुळं, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

शिकून आल्यावर मी त्यांना नीट समजावलं. पावरमध्ये जास्त असतो तो ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात ठिणगीच्या आधीच न पेटता पेट्रोल किती दाब सोसेल, त्याचा तो आकडा. जास्त दाबाच्या महागड्या गाड्यांना जास्त ऑक्टेन लागतो, नाहीतर इंजिन ठोके मारतं. तुमच्या शंभर सीसीला साधंच बरोबर; त्यात पावर टाकून ती जास्त पळतही नाही आणि जास्त टिकतही नाही. अण्णांनी सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "कालिज चांगलं न्हवतं तुजं."

एकदा चिडून मी दोन बाटल्यांत दोन पेट्रोलं आणली आणि नुसत्या वासावर ओळखून दाखवा म्हटलं. वास कसला घेतायत! नको नको म्हणेपर्यंत दोन्हींचे घोट घेतले, दोनदा थुंकले आणि साध्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही पावर. लई गोड." मी खरं काय ते सांगितलं तर जराही न वरमता उत्तर आलं, "मग पंपावाल्यानं चुकून तुला साध्याच्या भावात पावर दिलं बग." मी बाटल्या उचलल्या आणि हात साबणानं तीनदा धुतले.

उसाच्या मळीचं इथेनॉल पेट्रोलमध्ये घालतात हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. त्यांचाच ऊस कारखान्याला जात होता. "म्हंजी म्याच पिकवायचं आन् माज्याच टाकीत दारू घालायची?" मी म्हटलं, अण्णा, त्यानं ऑक्टेन वाढतो. हे ऐकून ते जरा थांबले, पण चव बिघडली आहे यावर ठाम राहिले.

मी सुट्टीला गावी गेले की दुसऱ्या दिवशी माझी स्कूटी हमखास पावरनं भरलेली असायची. आधीचं पेट्रोल काढून ते कशात ओतलं, हे मी कधी विचारलं नाही. कसं काढलं, ते विचारायची गरजच नव्हती.

संगीचं लग्न सास्तूरला झालं. नवऱ्याचं खताचं दुकान. लग्नात अण्णांनी जावयाला नवी मोटरसायकल दिली. आमच्याकडं याला हुंडा म्हणायचं नसतं, भेट म्हणायचं असतं. मला त्या शब्दाचीही किळस आहे. गाडी साधीच होती, अण्णांच्या गाडीची धाकटी बहीण म्हणावी अशी. किल्ली देताना अण्णांनी जावयाचे दोन्ही हात धरून पावरचं वचन घेतलं. त्यानंही हसत दिलं. नव्या जावयाला त्या दिवशी काय कळणार होतं?

पुढच्या अधिक महिन्यात जावई धोंडे जेवायला आला. संगी वाढत होती, काकी तूप सोडत होती, शेजारची चार माणसं पंगतीला होती. तेवढ्यात अंगणातून पचकन थुंकल्याचा तो ओळखीचा आवाज आला. अण्णा नळी हातात घेऊन दारात उभे होते. त्यांना कानडी रागातच सुचायची.

"होलसु! घाण हाय घाण, साधं! जावईबापू, गाडीला उपाशी ठिवलं तुमी. माज्या पोरीला तरी नीट खाऊ घालताव का?"

"अण्णा, त्या गाडीला साधंच लागतं!" मी ओरडले. माझं कोण ऐकतंय? जावई भरल्या ताटावरून उठला. हातही न धुता त्यानं गाडी काढली आणि संगीला म्हणाला, "बस." तिच्या हातात अजून वाढायचं भांडं होतं. ते तिनं उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली.

त्यानंतर त्यानं संगीला माहेरी पाठवलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पहिलं बाळंतपणही तिकडंच झालं. काकी नातवाला बघायला एकटी गेली, तर तिला चहा मिळाला आणि बाहेरच्या खोलीतून परत पाठवलं गेलं. लेक आत होती. काकीनं आल्यावर अण्णांना शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "तुमी कदी इंजिनाला इचारलं न्हाय तुला काय पायजे म्हणून. माणसाला काय इचारणार?" त्या दिवसापासून अंगणात गाड्या येत राहिल्या आणि अण्णा ओसरीवरून उठेनासे झाले.

अण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले. छाती आधीच खराब झाली होती. डॉक्टरांनी कारण विचारल्यावर काकीनं सांगितलं आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दहाव्याला लोक त्यांच्या पंपावरच्या गोष्टी सांगून हसत होते. मीही हसले. सास्तूरची गोष्ट कुणी काढली नाही, कारण त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलेली मी एकटीच होते.

त्याआधीच्या श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी, ते मला म्हणाले होते, "चल, संगीला आणू. तू असलीस तर आत जाता येईल." ते त्यांच्या गाडीवर, मी माझ्या स्कूटीवर. भूकंपानंतर बांधलेलं ते गाव, सरळ आखलेल्या गल्ल्या, दुकान लांबूनच दिसलं. जावई गल्ल्यावर होता. पुढं बाकड्यावर चार-पाच गिऱ्हाईकं. मी आत गेले तर संगी पिशवी भरून, पोराला कडेवर घेऊन तयार उभी होती. कुणीतरी आम्ही येतोय हे कळवलं असावं. माझा हात तिनं इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "माहेरी सोडतो म्हणालेत," ती कुजबुजली. "अण्णांनी फकस्त भांडू नये." आम्ही दोघी दारात येऊन उभ्या राहिलो.

अण्णांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. ते दुकानाच्या पायरीखाली उभे होते, पाठीमागं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून. शेजारीच जावयाची गाडी लावलेली होती, लग्नातली. जावई उठला, पायरी उतरला आणि सगळ्यांदेखत त्यानं टाकीचं झाकण उघडलं.

"मामा," तो मोठ्यानं म्हणाला, "बगा की चाखून. न्हाय? मग ह्या मंडळींना सांगा. माज्या गाडीला कोणतं पेट्रोल बरोबर?"

बाकड्यावरची माणसं हसली. एकानं तर आधीच हसायला तोंड उघडून ठेवलं होतं. टाकीतून वास येत होता. मला आयुष्यभर ज्या वासानं मळमळलं तो तिथंही होता, पण ओकारी आली ती त्या माणसाच्या हसऱ्या तोंडाची. मला ओरडून सांगायचं होतं की बरोबर आहे, तुझंच बरोबर आहे, गाडीला साधंच लागतं, मी शिकलेय ते. पण यांना विचारू नकोस. मी पाऊल पुढं टाकलं. अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. मग त्यांनी संगीच्या पिशवीकडं पाहिलं.

"साधं," अण्णा म्हणाले. "ह्या गाडीला साधंच बरोबर हाय, जावईबापू. म्याच चुकलो."

पेट्रोलबद्दल अण्णा जन्मात एकदाच बरोबर बोलले, आणि ते मला ऐकवलं नाही.