दारातून आत

सोलापूरच्या उन्हातून निघालो आणि उतरलो ते थेट धुक्यात. इंग्लंडमधल्या त्या गावात सकाळ कधी होते, हेच मला पहिले काही दिवस कळेना. चर्चचा मनोरा अर्धाच दिसायचा, मेंढ्यांचे नुसते आवाज यायचे आणि मी झोपेत चालल्यासारखा लेकीच्या, विद्याच्या, मागून हिंडायचो.

विद्या नगरपालिकेला उभी होती, तिथल्या परंपरा मानणाऱ्या जुन्या पक्षाकडून. त्यातही तिचा गट जास्तच जुन्या वळणाचा. लग्न टिकवा, रविवारी दुकानं बंद ठेवा, म्हाताऱ्या आईबापांना जवळ ठेवा. पक्षातलेच नवे लोक त्यांना हसत. मला मात्र आपल्या गल्लीतच बसल्यासारखं वाटे.

निळं रोझेट (रिबिनीचं फूल) लावून ती दारोदार जाई. तिथली रीत अशी, की उंबऱ्याबाहेरूनच दोन वाक्यं बोलायची आणि पुढचं दार गाठायचं. मला हे कोण सांगणार? आपल्याकडे प्रचाराला आलेला माणूस चहा न घेता गेला तर घरचे रुसतात. मार्गारेट नावाच्या आजींनी दार उघडलं, तसे मी बूट काढले आणि सरळ आत जाऊन खुर्चीत बसलो.

"बाबा, आत जायचं नसतं हो!" विद्या दारातून कुजबुजली.

आजी बघतच राहिल्या, मग हसल्या आणि विद्यालाही आत बोलावलं. चहा आला, स्कोन (गोडसर पाव) आले. "आईबापांबद्दल तुमची मुलगी बोलते ते मला फार पटतं," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. तुम्ही हिच्याजवळच राहता ना?"

"नाही. सोलापुरात. एकटाच," मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी बोलून गेलो.

विद्या चहात चमचा ढवळत राहिली. साखर तिनं घातलीच नव्हती.

पुढच्या दारांवर ती लग्नाचं बोलली, रविवारचं बोलली. आईबापांचं वाक्य काही तिच्या तोंडून निघेना. परतताना धुक्यातच थांबली आणि म्हणाली, "बाबा, ऱ्हावा की हितंच."

जीव सुखावला. हेच ऐकायला एवढ्या लांब आलो होतो, हे तेव्हा उमगलं. तरी म्हणालो, "लई थंडी गं हितं. आन् रोज कुणाच्या घरात असा जाऊन बसू?"

मी परत निघालोच. कुर्डुवाडी मागं पडली तसं ऊन गाडीत शिरलं. घराचं कुलूप काढतोय तोवर शेजारचे रज्जाकभाई चपला काढून आत बसलेसुद्धा.

पुढं विद्याचा फोन आला. "निवडणुकीत पडले मी, बाबा. पण रविवारी मार्गारेट आजींकडे जाते आता. बूट काढून आत बसते."

फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं दुखलंही.

"जात जा गं," मी म्हणालो. "एकट्या हायत त्या."