वखार शालनआक्कांची

निपाणीतल्या शालनआक्कांच्या नावावर एक अख्खी वखार आहे. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि तरीही कुणी ती खरी मानत नव्हतं. संताप येतो तो याचाच.

त्यांचा नवरा भरमाप्पा तंबाखूचा व्यापारी. अक्कोळ रस्त्याला त्यानं वखार घेतली आणि टॅक्स वाचावा म्हणून बायकोच्या नावावर केली. रजिस्ट्रार ऑफिसात नेऊन "हितं सही कर" म्हणाला, आक्कांनी केली. एकदा वखार बघायला येऊ का, असं त्यांनी विचारलं तर हसला. "तंबाखूच्या खकाण्यात बायकांचं काय काम?" त्या वेळी त्याच वखारीत साठ-सत्तर बायका तोंडाला फडकी बांधून सकाळपासून तंबाखू चाळत बसायच्या. त्यांचं तिथं काम होतं. मालकिणीचं तेवढं नव्हतं.

पुढं भरमाप्पा गेला, तंबाखूचा धंदा ओसरला आणि वखारीचं सगळं मुलगा जिनेंद्र बघू लागला. भाडेकरू तो ठरवी, कागद तो आणी, आणि आक्का सही करत. आक्का काही गरीब गाय नव्हेत. बाजारात कानडीतून कडाकडा भांडायच्या आणि मराठीतून समजूत काढून वर मूठभर कोथिंबीर घेऊन यायच्या. पण वखारीचा विषय निघाला की गप्प. त्यांना तसंच वळण लावलं होतं आणि ते लावणाऱ्यांत त्यांची स्वतःची आईसुद्धा होती.

गेल्या मे महिन्यात शेजारची त्रिशला रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. कॉलेजात शिकणारी पोर. बेळगावच्या परशराम सरांनी विद्यार्थ्यांसाठी पाच दिवसांचं उन्हाळी शिबिर ठेवलं होतं. उदारमतवादी विचारांची ओळख, म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य, खाजगी मालमत्ता, सरकारनं कुठं हात घालावा आणि कुठं घालू नये, असले विषय. पोरीनं बॅगसुद्धा भरली होती. ऐन वेळी हॉलवाल्यानं नकार दिला. बाहेर फलक मराठीत लावणार की कानडीत, यावरून त्याला कुणीतरी दम भरला होता.

"म्हंजे पोरांनी बसून बोलायचं बी न्हाय?" आक्का भडकल्या. "माझी वखार रिकामी हाय. या म्हणावं हितं."

माझी वखार, हे शब्द तोंडातून गेल्यावर त्या स्वतःच जराशा दचकल्या.

दुसऱ्या दिवशी परशराम सर आले. मूळचे बेळगावजवळच्या मच्छे गावचे, शेतकरी घरातून शिकून प्राध्यापक झालेले, बोलायला मिठ्ठास. चहा घेतला, आक्कांचे तोंडभर आभार मानले आणि विचारलं, "जिनेंद्र कधी येतील?"

"त्यो कशाला?"

"वखारीचं त्यांच्या कानावर घातलेलं बरं."

आक्कांचं डोकं सणकलं, पण दारात आलेला पाहुणा, म्हणून त्यांनी राग गिळला. जिनेंद्रनं होकार दिला. शहरातली प्राध्यापक मंडळी आपल्याकडं येणार, याचा त्याला मोठेपणाही वाटला.

आक्कांनी बायका लावून वखार झाडून, धुऊन घेतली, तरी पहिल्या दिवशीचं व्याख्यान पोरांच्या शिंकांतच पार पडलं. नंदगड, पिरनवाडी, चिकोडी, कुठकुठून पोरं आली होती. संध्याकाळचं जेवण आक्कांच्या अंगणात, जैनाच्या घरचं म्हणून दिवस मावळायच्या आत. उजेडीच ताटावर बसायला लागतं म्हणून पोरं हसायची आणि भराभरा जेवायची. व्याख्यानाला आक्का मागं, दाराजवळ खुर्ची टाकून बसत. पहिले दोन दिवस त्यांना चक्क डुलकी लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र सर म्हणाले, वस्तू ज्याची, तिचं काय करायचं हे ठरवायचा हक्क त्याचाच. बाप, भाऊ, सरकार, समाज, कुणीही त्याच्या वतीनं ठरवू नये. आक्का सावरून बसल्या. आजवर हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ना माहेरी, ना सासरी, ना बस्तीत, म्हणजे जैन देवळात.

व्याख्यान संपल्यावर नंदगडचा सौरव उठला. "सर, मग दुकानाची पाटी कुठल्या भाषेत लावायची, हे बी दुकानदारानंच ठरवायचं न्हवं?"

झालं. पोरं मराठीत आणि कानडीत एकमेकांवर तुटून पडली, पण हसतखेळत. कुणीतरी ते मोबाइलवर टिपून पुढं पाठवलं, आणि दुपारपर्यंत जिनेंद्रला दोन फोन आले. एक म्हणाला, तुमच्या वखारीत कन्नडविरुद्ध चिथावणी चाललीय. दुसरा म्हणाला, तुम्ही मराठीशी गद्दारी करताय. दोघांनीही वखारीत पाऊल टाकलेलं नव्हतं आणि दोघांचं मागणं एकच, बंद करा. एरवी ही माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पोरांची तोंडं बंद करायला मात्र त्यांचं झटक्यात एकमत झालं.

जिनेंद्रची खताची एजन्सी होती. रोज कुठल्या ना कुठल्या सरकारी ऑफिसची पायरी चढायची. तो टरकला. आईला न विचारता तो थेट सरांकडं गेला, आणि सरांनी चकार शब्द न काढता पोरांना सतरंज्या गुंडाळायला सांगितल्या.

त्रिशला धावत घरी आली. "आक्का, शिबिर बंद! मालकांनी नको म्हटलंय म्हणं."

"कोण मालक?"

"जिनेंद्रकाका."

आक्का कणीक मळत होत्या. तशाच, पिठाच्या हातानं, भर उन्हात वखारीवर गेल्या.

"जिनेंद्रा, कुणाला इचारून बंद केलास?"

"आई, घरी बोलू."

"हितंच बोल."

पोरांसमोर जिनेंद्र शरमला, आणि बोलू नये ते बोलून गेला. "आप्पांनी टॅक्ससाठी तुझं नाव घातलंतं गं. तेवढ्यानं तू काय मालकीण झालीस व्हय?"

आक्कांनी सरांकडं पाहिलं. सकाळचं बोलणं त्यांच्या कानात ताजं होतं. आता हा माणूस बोलेल, अशी त्यांची खात्री होती. सर खाली बघत म्हणाले, "आक्का, हा तुमचा घरचा प्रश्न. आम्ही बाहेरच्यांनी त्यात पडणं बरं नव्हे."

घरचा प्रश्न! सरकारनं जमीन घेतली तर अन्याय, समाजानं घेतली तर जुलूम, आणि बाईची वस्तू तिच्या पोरानं तिच्यादेखत काढून घेतली की घरचा प्रश्न? हे कुठल्या व्याख्यानात बसतं, ते सरांनी एकदा सांगावं.

आक्कांनी पिठाचा हात जिनेंद्रपुढं नाचवला. "टॅक्स वाचवताना मी मालकीण, आन चार पोरं बसवायची म्हटली की न्हाय? जा, टॅक्सच्या सायबाला सांगून ये, वखार आईची न्हाय म्हणून. जातोस?"

जिनेंद्र खिशातला मोबाइल चाचपू लागला.

"न्हाय ना जात? मग बाजूला हो. पोरांनू, घाला सतरंज्या. अजून दोन दिस ऱ्हायल्यात."

त्रिशलानं सतरंजीचं एक टोक धरलं, सौरवनं दुसरं. परशराम सर घसा खाकरून पुढं आले, आणि पोरांना बसा म्हणण्याआधी त्यांची नजर पुन्हा जिनेंद्रकडं वळली. भुवया उंचावून त्यांनी त्यालाच विचारलं, चालेल ना?

"तिकडं काय बघतायसा, सर?" आक्का इतक्या मोठ्यानं ओरडल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. "मी हिकडं हाय. मला इचारा!"