न मोजलेली विहीर

सुमतीअक्का गेल्याचं तिच्या नवऱ्याने, भावोजींनी, फोनवर कळवलं, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो... सुटलो. महिना झाला. सुटलेलो नाही, म्हणून लिहितोय.

अक्का माझी चुलतबहीण. आमच्या अग्रहार मोहल्ल्यातल्या रंगाऱ्यांच्या घरातली पहिली भूवैज्ञानिक, पुढे सरकारी भूजल खात्याची मैसूरची प्रमुख. मी तिच्याच हाताखाली. पोलादी टेपला खडू फासायचा, विहिरीच्या कट्ट्यावरून टेप आत सोडायची, खडू कुठवर भिजला त्यावरून पाणी किती खोल ते वाचायचं. "आकडा विहिरीला विचारायचा, गेल्या वर्षीच्या वहीला नाही," हे ती प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायची.

एका उन्हाळ्यात हुणसूरकडच्या विहिरीवर मी गेलोच नाही. मेव्हणीचा साखरपुडा होता. वहीतला जुना आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहून दिला. त्या भागात मोजणीची विहीर ती एकच; माझ्या आकड्यावर नव्या बोअरवेलना परवानगी मिळाली. दोन उन्हाळ्यांत गावाची विहीर आटली आणि तंबाखूवाले शेतकरी कार्यालयात येऊन बसले.

अक्का आधी स्वतः ती मोजणीची विहीर बघून आली, मग मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू गेला होतास ना रे?"

"गेलो होतो की, अक्का."

"कट्टा कसा होता?"

"कसा म्हणजे... नेहमीसारखा."

तिने समोरची वही मिटली. "आयतु, झालं तर, जा आता."

चौकशीत तिने सांगितलं, "सही माझी, चूक माझी." तिचं बेंगळुरूला संचालक म्हणून जायचं जवळजवळ ठरलेलं, ते राहिलं. मला बढती मिळाली. माझ्या त्या खोट्या मोजणीआधीच गावाने विहिरीचा कट्टा हातभर उंच बांधला होता, गेलो असतो तर दिसलाच असता, हे मला फार उशिरा कळलं. मी गेलो नव्हतो हे तिला त्याच दिवशी कळलं असणार.

तरी दर रविवारी तिच्याकडे कॉफीला जायचो. न गेलो तर संशय येईल, गेलो तर तिच्याकडे बघवायचं नाही. अशी वर्षं गेली.

तेराव्यानंतर भावोजींना सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तू आलास की कॉफीनंतर मला विड्याची पानं आणायला कोण पिटाळायचं? घरात पानं असायची रे! म्हणायची, तुम्ही समोर असलात तर तो बोलायचा नाही."

आणि त्या अर्ध्या तासात मी तिच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत असे.

भावोजींनी पानांची पिशवी घेतली, चपला घातल्या. "आलोच," म्हणून निघून गेले. समोर तिची रिकामी खुर्ची होती. मी बोलायला तोंड उघडलं... "अक्का, यंदा पाऊस..." एवढंच बाहेर पडलं.