हजराबीच्या बोटांखालची लाल पट्टी

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात हजराबीने आयुष्यभर मासे कापले. माशाच्या दोन्ही कुशींवर, कातडीलगत, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गडद लाल मांसाची एकेक पट्टी असते. गिऱ्हाइकं तिला शिळं मांस समजत. "मावशी, ते काळं काढजा," असं कोणी म्हणायच्या आतच हजराबीची सुरी तिथे फिरलेली असायची.

त्या उन्हाळ्यात घरचं तळं आटत आलं. तळ्यातली थोरली रोहू मादी अंड्यांवर आली होती; यंदाचं मत्स्यबीज तिच्याच भरवशावर होतं. तिला घरामागच्या टाकीत हलवायला नवरा गफ्फार जाळं घेऊन उतरला. दमवली की निमूट येईल, असा त्याचा अंदाज. त्याने तिला या काठावरून त्या काठावर पळवलं. ती हाती आली खरी, पण टाकीत सोडताच आडवी झाली. कल्ले तेवढे हलत होते.

"माशाले कुस्तीत हरवलं! आता हार घालू का गळ्यात?" हजराबी कडाडली.

गफ्फारने जाळं बाजूला टाकलं.

यवतमाळला प्राणिशास्त्र शिकणारी लेक नुजहत सुट्टीवर आली होती. ती धावत आली. "अम्मी, तिचं पांढरं मांस थकलं. झेप घ्यायचं, निसटायचं काम त्याचं. जोर लय, पण दम लवकर संपते. सावकाश पोहायचं काम लाल पट्टीचं. ते रक्तातल्या प्राणवायूवर चालते, सहजी थकत नाही. तिले सरळ धर. तोंडाकडून पाणी येऊ दे."

गफ्फारने पाइप लावला. हजराबीने एक तळवा मादीच्या पोटाखाली दिला आणि दुसरा हात पाठीवरून टाकला. अंगठा एका कुशीवर, बोटं दुसऱ्या कुशीवर. उन्हं उतरली, तरी काही नाही.

मग अंगठ्याखाली काहीतरी आवळलं. सैल झालं. मग बोटांखाली. पुन्हा अंगठ्याखाली. शेपूट जेमतेम डुलत होती, पण ती डुलवणारं बळ कुठून येतंय ते हाताला कळत होतं. जिथे तिची सुरी फिरायची, नेमकं तिथून.

"या अल्ला," ती पुटपुटली. "हे त मी जिंदगीभर खरवडून फेकून राह्यली."

"जगते का?" गफ्फारने भीत भीत विचारलं.

हजराबीला हात काढायचा धीर होईना. शेवटी मादीनेच स्वतःला सोडवून घेतलं. सारं अंग वळलं, शेपटीचा फटका बसला, गफ्फार नखशिखांत भिजला आणि रोहू तळाशी सरळ, संथ फिरू लागली.

"घ्या, पांढरं बी आलं कामावर!" हजराबी हसली.

ओली बोटं मात्र तिने कितीतरी वेळ पदराला पुसली नाहीत.