देठाचा हिरवा

नाना आर्टिस्ट चित्र बघण्याआधी चित्र काढणाऱ्याचं तोंड बघायचे. तोंडावर जरासं समाधान दिसलं, की कागदाला हातही न लावता म्हणायचे, ‘‘अजून खूश दिसतेस. खुशी उतरली की ये.’’ एकाच भेंडीसाठी मी आठ वेळा परत गेले होते. नवव्यांदा मुद्दाम तोंड पाडून गेले, तर म्हणाले, ‘‘आता नाटक करते!’’

जळगावात लेबलं आणि पाकिटं छापणारा एक प्रेस होता, त्याच्या माडीवर नाना बसत. डाळीच्या पिशव्या, बियाण्यांची पाकिटं, पापड, मसाले, सगळ्यांवरची चित्रं त्यांच्या हातची. पंच्याऐंशीच्या सुमाराला मी धुळ्याहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन तिथे लागले आणि आत्याकडे राहू लागले. नानांनी माझं नाव कधी विचारलं नाही. ‘‘ए डिप्लोमा, पाणी बदल,’’ एवढीच पहिल्या दोन महिन्यांतली आमची ओळख. मी ब्रशचं पाणी बदलायचे आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचे.

त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी होती. खेड्यात गेले की ते लोकांच्या भिंती बघत हिंडायचे. काडेपेटीवरचा मोर, चहाच्या पुड्यावरची बाई, असं काही कुणी देवाशेजारी चिकटवलेलं दिसलं, की त्या घराला नवं कॅलेंडर द्यायचे आणि जुना कागद पाणी लावून अलगद सोडवून आणायचे. पेटी भरून असले कागद होते. ‘‘हे कुणी काढलं ते विचारू नको,’’ ते म्हणायचे, ‘‘हे कुणाला फेकवलं नाही, ते बघ.’’ कॉलेजात चार वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण ते सांगतानाही नाना अशा तुसडेपणाने सांगत, की शिकल्याचा आनंद व्हायचा नाही.

माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे वांग्यावरच्या अळीचं औषध. औषध म्हणजे विषच, पावडरचं पाकीट. मी जीव ओतला. भरिताची हिरवी वांगी आणून समोर ठेवली, त्यांच्या सालीवरची चमक पकडायला तीन आठवडे घालवले. प्रेसमधले सगळे बघून गेले आणि वा वा करून गेले. नानांनी चित्र घेतलं, खळ लावून एका रिकाम्या पाकिटावर चिकटवलं आणि मला म्हणाले, ‘‘चल, एरंडोलचा बाजार आहे.’’

बाजारात लसूण विकणाऱ्या एका म्हातारीपुढे त्यांनी पाकीट धरलं. ‘‘माय, हाई काय शे?’’

म्हातारीने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, नाकाला लावून पाहिलं. ‘‘भरीतना मसाला व्हई. कितलाले शे?’’

मला वाटलं, झालं, आता परत जायचं. नानांनी पाकीट माझ्या हातात कोंबलं. ‘‘जाय, बठ्ठासले दखाड.’’ आणि स्वतः भज्यांच्या गाडीपाशी जाऊन बसले. बाजार उठेपर्यंत मी एकेका बाईपुढे ते पाकीट धरत होते. कुणी मसाला म्हणालं, कुणी बियाणं म्हणालं. एकीने तर फुकट मिळेल का, म्हणून विचारलं. मी रडत होते, तेही सगळ्या बाजाराने पाहिलं. एसटीत बसल्यावर नाना भज्यांचा कागद पुसून घडी घालत म्हणाले, ‘‘आज किती घरांच्या चुलीवर तुझं चित्र गेलं असतं, मोज.’’ त्या क्षणी त्यांना गाडीतून खाली ढकलावं, असं मला खरोखर वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चमक काढून टाकली. वांगं लहान केलं, उलटी पडलेली अळी मोठी केली आणि तिच्या वर माणसाचं तोंड झाकणारा एक काळा हात काढला. दोनच रंग. पुढच्या बाजारी तीच म्हातारी पाकीट बघून म्हणाली, ‘‘जहर शे ना? तिकडे ठेव बाई.’’ नाना ऐकत होते. शाब्बास वगैरे काही नाही. ‘‘उद्यापासून बियाण्यांची पाकिटं तू कर,’’ म्हणाले आणि चालू लागले. मी कलाकार कधी झाले ते ठाऊक नाही, पण डिझायनर त्या बाजारात झाले.

नाना स्वतःलाही सोडत नसत. बायको गेली, तेव्हा तिच्या शोकपत्राचं प्रूफ त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. ‘‘नावाभोवती हवा नाही,’’ म्हणाले. ‘‘आयुष्यभर माझ्या दोन खोल्यांत राहिली. इथे तरी जागा द्या.’’

पुढे ऑफसेट आलं, चार रंगांत छपाई होऊ लागली आणि नेमके तेव्हाच नानांचे डोळे गेले. पूर्ण नाही. मोतीबिंदू होता. त्यांना सगळं पिवळट दिसू लागलं, म्हणून ते प्रत्येक रंगात निळा जास्त घालू लागले. कुणाची बोलायची हिंमत नव्हती. मी सकाळी त्यांच्याआधी येऊन त्यांची चित्रं सुधारून ठेवायचे. वर्षभर मी ते केलं. त्यांच्यावर माझा जीव होता, हे मला त्या सकाळींमध्ये कळलं. आणि त्यांची खुर्ची मला हवी आहे, हेही तेव्हाच कळलं.

फैजपूरच्या एका व्यापाऱ्याच्या केळीच्या खोक्यांचं काम आलं. मोठं काम. नानांनी समोर फणी न ठेवता आठवणीने केळी रंगवली. मी सकाळी चित्र पाहिलं. हिरवट, निळसर केळी. अर्ध्या तासाचं काम होतं. मी ब्रश भिजवला आणि परत ठेवला.

प्रेसचे मालक, शेठ, चित्र घेऊन सगळ्यांसमोर उभे राहिले. ‘‘ताई, तुम्ही सांगा.’’

‘‘केळी सडल्यासारखी दिसतात,’’ मी म्हणाले.

नानांनी कागद घेतला, खिडकीपाशी नेला, अगदी डोळ्याजवळ धरला. ‘‘कुठे?’’ त्यांनी विचारलं. मग पुन्हा, हळू, ‘‘कुठे गं?’’ मी बोट ठेवून दाखवलं. एकेक केळं दाखवलं. इतकं दाखवायची गरज नव्हती. शेठनी त्यांना आराम करायला सांगितलं आणि त्या आठवड्यात माझी रंगांची पेटी त्यांच्या टेबलाखाली गेली.

चारेक महिन्यांनी नाना आले. ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीचा सदरा, खिशात त्यांचे ब्रश. शेठ म्हणाले, ‘‘ते आता ताई बघतात. त्यांना विचारा.’’

नाना माझ्यापुढे उभे राहिले. ‘‘आता स्वच्छ दिसतं, ताई,’’ म्हणाले. मला ते ताई म्हणाले.

‘‘जागा नाही, नाना,’’ मी म्हणाले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मी पिशवी ठेवली होती.

त्यांनी मान हलवली. मग सवयीने टेबलावरचं चित्र पाहिलं. मिरची पावडरचं पाकीट होतं, दोन दिवस माझ्या हाती लागत नव्हतं. ‘‘लाल बरोबर शे,’’ ते म्हणाले. ‘‘देठाचा हिरवा मेला शे. थोडा पिवळा घाल.’’ आणि गेले.

लाकडी जिना होता. ते एकेक पायरी चाचपत उतरत होते आणि मला प्रत्येक पाऊल ऐकू येत होतं. हाक मारायला भरपूर वेळ होता. मी हिरव्यात पिवळा कालवून पाहत होते. देठ जिवंत झाला.

नाना पुढच्या वर्षी गेले. मला कळलं तेव्हा दहावा उरकला होता. ते पाकीट अजून धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत दुकानादुकानांत लटकलेलं असतं, आणि आमच्या धंद्यातली माणसं हमखास त्या देठाबद्दल बोलतात. मी थँक्यू म्हणते.